इंधन हे ज्वारीचं शेवटचं गिऱ्हाईक असू दे

माझा मावसभाऊ आठ वर्षं दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला आहे, दर डिसेंबरात सोलापूरला येतो आणि हुरड्याच्या आगटीभोवती बसला की तिकडचा एखादा वाद घेऊन बसतोच. यंदाचा वाद होता तिथल्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना देशी इंधन-पिकांतून, म्हणजे ज्यांच्यापासून गाडीचं इंधन करता येतं अशा पिकांतून, पैसा मिळवून द्यायचा का, आणि द्यायचा तर कसा. त्याच्या ऑफिसात म्हणे दोनच पार्ट्या आहेत. एक म्हणते माणसं उपाशी असताना धान्य गाडीच्या टाकीत ओतणं हे पाप आहे. दुसरी म्हणते हेच हिरवं सोनं, गरिबी हटणार, तेलाची आयात कमी होणार आणि हवामानबदलही आटोक्यात येणार, एका दगडात तीन पक्षी. "दादा, तू कुठल्या पार्टीत?" असं त्याने विचारलं आणि मी तोंडातला गरम हुरडा गिळेपर्यंत वेळ मारून नेली, कारण मला दोन्ही पार्ट्यांचं म्हणणं अर्धवट वाटत होतं. नंतर महिनाभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. देशी पिकापासून इंधन करायला माझी ना नाही, पण इंधनाचा कारखाना हा त्या पिकाचा पहिला नाही तर शेवटचा गिऱ्हाईक असला पाहिजे. भाकरी, माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य), पशुखाद्य, बियाणं ही गिऱ्हाइकं आधी, आणि त्या सगळ्यांनी भाव पाडला तर "अमुक भावाच्या खाली आम्ही जाऊ देणार नाही, उरलेलं सगळं घेतो" म्हणणारा कारखाना मागे उभा. आणि त्या कारखान्याच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याचा माणूस बसलेला पाहिजे. या दोन गोष्टी नसतील तर पीक देशी आहे की परदेशी, शेतकरी काळा आहे की गोरा, याने काडीचाही फरक पडत नाही, पैसा जायचा तिथेच जातो.

आता पीक कुठलं? लोकांच्या तोंडी अजून जेट्रोफा असतो, आपल्याकडे त्याला मोगली एरंड म्हणतात, पण ते झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, आफ्रिकेचं नव्हेच. आफ्रिकेचं खरं देशी पीक म्हणजे आपली ज्वारी. हो, आपलीच, जिला आपण मंगळवेढ्याची म्हणून मिरवतो, ती मुळात सुदानच्या बाजूला माणसाळली आणि हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली. सोथो भाषेत तिला माबेले म्हणतात, झुलूत अमाबेले. कमी पावसात तग धरते, उष्णता सोसते, आणि एक टन दाण्यापासून साधारण ४०० लिटर इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचा अल्कोहोल, निघतं, वर जवळपास ३०० किलो चोथा उरतो जो जनावरं आवडीने खातात. म्हणजे तांत्रिक बाजूने शंका घ्यायला जागा नाही. मग अडतं कुठे?

अडतं कुठे हे बघायला दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने काय केलं ते बघा. २००७ साली त्यांनी बायोफ्युएलचं, म्हणजे पिकांपासून इंधनाचं, धोरण आणलं आणि खरं सांगतो, कागदावर ते धोरण आपल्याकडच्या कित्येक धोरणांपेक्षा शहाणं होतं. मका वगळला, कारण मक्याचं पीठ हे तिथल्या गरिबाचं रोजचं जेवण. जेट्रोफा वगळला. टार्गेट छोटं ठेवलं, देशातल्या द्रव इंधनाच्या २ टक्के, म्हणजे वर्षाला ४० कोटी लिटर. आणि कच्चा माल घ्यायचा तो जुन्या होमलँड्समधून, म्हणजे ट्रान्सकाय, सिस्काय वगैरे, जिथे वर्णभेदाच्या राजवटीने काळ्यांना कोंबलं होतं. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य लोकांना जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ ला ती वाढवून १३ टक्क्यांच्या आसपास नेली, बाकीच्या जमिनीत काळ्या माणसाला मालक म्हणून पाय ठेवता येत नव्हता. त्या अन्यायाची थोडी भरपाई इंधनाच्या पिकातून करायची असा हेतू. २०१२ ला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे सक्तीचे नियम निघाले, १ ऑक्टोबर २०१५ ही तारीख ठरली, ती तारीख आली आणि गेली, २०२० ला परत एक नवीन चौकट आली. फ्री स्टेट प्रांतातल्या बोथाव्हिलला ज्वारीपासून इथेनॉल, इस्टर्न केपमधल्या क्रॅडॉकला बीट आणि ज्वारीपासून इथेनॉल, असे मोठमोठे प्लॅन वर्षानुवर्षं फायलीत फिरत राहिले. म्हणजे त्या दोन पार्ट्या ज्या गोष्टीवरून हमरीतुमरीवर येतात ती गोष्ट धड सुरूच झालेली नाहीये, आणि का झाली नाही हे मात्र कुणी विचारत नाही.

आता पहिल्या पार्टीचं, धान्य विरुद्ध इंधन वाल्यांचं. त्यांचा मुद्दा हलका नाहीये. २००७-०८ ला जगात धान्याचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेत मक्याचं इथेनॉल जोरात होतं, ते एकमेव कारण नव्हतं पण कारणांपैकी एक होतं हे मान्य करायलाच लागेल. आणि हिशोब करून बघा ना, ४० कोटी लिटर सगळं ज्वारीतून काढायचं तर १० लाख टन ज्वारी लागते, हेक्टरी ३ टन धरले तरी सव्वातीन लाख हेक्टरच्या वर क्षेत्र. त्या देशात अलीकडे वर्षाला लाख-दीड लाख टनाच्या आसपासच ज्वारी होते. म्हणजे आहे त्याच्या सात-आठ पट पिकवायची, आणि ती कोण पिकवणार? एवढ्या घाईत एवढी पिकवायची तर ट्रान्सकायमधली आजी तिच्या दीड एकरात नाही पिकवणार, फ्री स्टेटमधला हजार हेक्टरवाला गोरा शेतकरीच पिकवणार, कारण ट्रॅक्टर, गोदाम, रेल्वेचा फाटा सगळं त्याच्याच दारात आहे. इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे.

पण पुढे ते जे म्हणतात की म्हणून काळ्या शेतकऱ्याने फक्त खाण्याचंच पिकवावं, तिथे माझं जमत नाही. हा उपदेश नेहमी ज्याच्याकडे थोडं आहे त्यालाच का केला जातो? इंग्लंडातल्या शेतकऱ्याला कुणी सांगत नाही की बाबा तू बार्ली बिअरला देऊ नकोस. माणसं उपाशी राहतात ती बहुतेक वेळा धान्य नाही म्हणून नाही, धान्य घ्यायला खिशात पैसे नाहीत म्हणून. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीवाला दुष्काळात गाव सोडून ऊसतोडीला जातो तेव्हा दुकानात ज्वारी नसते का? असते, पोती रचलेली असतात. त्याच्या हातात नगदी पैसा येणं हीच त्याची अन्नसुरक्षा. फक्त तो नगदी पैसा कुठल्या अटीवर येतो हे बघायला पाहिजे, आणि त्या अटींबद्दल हे लोक एक अक्षर बोलत नाहीत.

एका शब्दाबद्दल मात्र दोन्ही पार्ट्यांना खडसावायला पाहिजे, तो म्हणजे "पडीक". त्या धोरणात होमलँडमधल्या कमी वापरातल्या जमिनीवर भिस्त होती. ऐकायला बरं वाटतं. पण इस्टर्न केपमध्ये जेव्हा सामायिक जमिनीवर कॅनोला हे तेलबियांचं पीक लावायचा आराखडा पुढे आला तेव्हा तिथल्या लोकांनी विरोध केला, कारण कागदावरची ती पडीक जमीन म्हणजे त्यांच्या गुरांचं चरण, सरपण, रानभाज्या, आणि थोडक्यात सांगायचं तर त्यांचं गायरान होतं. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मराठवाड्यात गायरान म्हटलं की कुणाची गुरं, कुणाची अतिक्रमणं, आणि कुणाची घरं जाळली गेली हे सगळं आपल्याला माहितेय, दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच पडीक म्हणवल्या जाणाऱ्या जमिनींसाठी. सातबाऱ्यावर पीक लागलेलं नाही म्हणजे जमीन रिकामी, ही तहसीलदाराची नजर झाली. आणि जेट्रोफाची सगळी लाट याच नजरेवर उभी होती. आपल्याकडे २००३ च्या सुमारास कोटभर हेक्टर पडीक जमिनीवर मोगली एरंड लावायच्या गोष्टी चालल्या होत्या, डिझेलमध्ये २० टक्के मिसळणार होतो. टांझानियात किसारावेला ब्रिटिश कंपनीने हजारो हेक्टर जमीन घेतली, २०११ ला कंपनी बसली, लोकांची जमीनही गेली आणि नोकऱ्याही गेल्या. झाड पडीक जमिनीत जगतं हे खरं होतं, पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. पाणी-खत न देता बिया कोण भरघोस देणार?

आता दुसरी पार्टी, हिरव्या सोन्यावाली. यांचाही एक मुद्दा दणकट आहे आणि तो मी नाकारत नाही: मागणी वाढली की भाव वाढतो. आपल्याकडेच बघा, धान्यापासून इथेनॉल जोरात सुरू झालं आणि मक्याला बरे दिवस आले, पोल्ट्रीवाले ओरडायला लागले, २०२४ ला तर मका आयात करायची वेळ आली. ज्याच्या शेतात मका होता तो खूश होता, का नसावा? पण त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ ला, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने एका आदेशात बंधनं घातली आणि ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या होत्या त्यांचे चेहरे पडले. सरकारी मिश्रणावर उभा असलेला भाव हा असा, सही असेपर्यंत.

आणि हे काही आजचं नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन उचल द्यायला लागले, कुणब्यांनी बैल घेतले, लग्नं थाटात केली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत शेअरवाले बुडाले ते आपण चवीने सांगतो, पण कर्ज मात्र शेतकऱ्याच्या नावावर तसंच राहिलं आणि व्याजाने फुगत गेलं. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची खतं आणि रोखे जाळले त्यामागे सारावाढही होती, इतरही कारणं होती, पण दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाची एक मुळी त्या तेजीपर्यंत जाते. परक्या देशातल्या एका लढाईवर आपल्या ज्वारी-कापसाचा हिशोब टांगायचा नसतो. इंधनाचं तर त्याहून वाईट, कारण कच्च्या तेलाचा भाव ठरतो रियाध आणि ह्यूस्टनला. २०१४ च्या मध्यानंतर तेल कोसळलं आणि दक्षिण आफ्रिकेचं गणितच बिघडलं, कारण तिथे इथेनॉल कारखान्याला गुंतवणुकीवर १५ टक्के परतावा मिळेल इतकी सरकारी मदत द्यायची अशी कल्पना होती, तेल जितकं स्वस्त तितकी ही मदत मोठी, आणि पैसे भरणार कोण तर पेट्रोल घेणारा. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतून मिनीबस टॅक्सीने कामावर जाणाऱ्या बाईने कारखानदाराच्या १५ टक्क्यांसाठी जास्त भाडं का भरायचं? हा प्रश्न तिकडच्या अर्थखात्याला पडला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. गंमत अशी की हमी कारखान्याला होती, ज्वारीवाल्याला नव्हती! परताव्याची खात्री भांडवलाला, आणि पाऊस, पाखरं, भाव यांची जोखीम शेतकऱ्याला.

ब्राझीलने यावर एक चांगला प्रयोग केला होता. २००४-०५ च्या सुमारास त्यांनी बायोडिझेलवाल्यांना करसवलत दिली ती या अटीवर की माल ठराविक प्रमाणात छोट्या कुटुंबशेतीवाल्यांकडून घ्यायचा, आणि ईशान्येकडच्या कोरडवाहू, गरीब, मोठ्या प्रमाणात काळ्या आणि मिश्रवर्णी शेतकऱ्यांसाठी पीक निवडलं एरंड. झालं काय? एरंडेलाला औषधं-रंग-वंगणवाल्यांकडे डिझेलपेक्षा जास्त भाव मिळतो, शिवाय ते घट्ट असल्याने डिझेलला फार सोयीचंही नाही, त्यामुळे अट पाळायला एरंड विकत घ्यायचा आणि तो केमिकलवाल्यांना विकून टाकायचा, आणि बायोडिझेल करायचं दक्षिणेतल्या सोयाबीनचं. लोक हे उदाहरण फसलेल्या योजनेचं म्हणून देतात. मला यात उलटंच दिसतं. त्या एरंडाला इंधनापेक्षा चांगलं गिऱ्हाईक होतं आणि शेतकऱ्याला ते कुणी दाखवलं नाही, मधल्याने मात्र बरोबर शोधलं.

तिसरी एक छोटी पार्टी असते, सूटबूटवाली, ती म्हणते सरकारने यात पडूच नये, परवडत असेल तर बाजार करेल. ठीक. पण गोऱ्या शेतकऱ्याची शेती बाजाराने उभी केली का? १९१२ ला शेतीकर्जाची सरकारी लँड बँक निघाली, १९३७ ला मार्केटिंग अ‍ॅक्ट आला, मक्यासाठी बोर्ड, गव्हासाठी बोर्ड, भाव ठरलेला, खरेदी ठरलेली, माल जास्त झाला तर बोर्ड तोटा सोसून परदेशात विकणार, गोदामं सहकारी संस्थांची आणि त्यांना सरकारी पाठबळ. साठेक वर्षं हे चाललं. १९९४ ला लोकशाही आली आणि १९९६ ला नवा कायदा येऊन बोर्डं बंद झाली, त्या सहकारी संस्थांच्या कंपन्या झाल्या, गोदामांसकट. म्हणजे पंगत उठली, ताटं-वाट्या घरच्यांनी आपल्या नावावर करून घेतल्या, आणि काळा शेतकरी दारात आल्यावर त्याला सांगितलं की आता ज्याने त्याने आपापलं आणून खायचं. हमीभावाला आज नावं ठेवणाऱ्यांनी एवढा इतिहास वाचला तरी पुरे. मी जो शेवटचा गिऱ्हाईक म्हणतोय तो म्हणजे काही नवीन क्रांती नाही, मक्याच्या बोर्डाने गोऱ्यांसाठी जे केलं तेच, फक्त जादा माल तोट्यात निर्यात करण्याऐवजी त्याचं देशातच इंधन करायचं.

आणि देशी पीक म्हणजे आपोआप देशी माणसाचा फायदा, हा भ्रम ज्याला असेल त्याने ज्वारीच्या बिअरचा इतिहास बघावा. दक्षिण आफ्रिकेत उम्कोंबोथी नावाची आंबूस, दाट बिअर ज्वारी-मक्याची करतात, आणि ती पूर्वापार बायकांनी करायची. शहरात आलेल्या कित्येक काळ्या बायकांचं घर यावर चालायचं. १९०८ ला नाताळ वसाहतीत कायदा झाला आणि डर्बनच्या नगरपालिकेने ही बिअर करायचा मक्ता स्वतःकडे घेतला. घरी केली तर गुन्हा, पोलिस येऊन पिंपं उपडी करणार. नगरपालिकेच्या बिअर हॉलमध्ये काळ्या पुरुषांनी पगार उडवायचा आणि त्या नफ्यातून काळ्यांवरच राज्य करायचा खर्च भागवायचा. किती भारी आयडिया आहे ना, ज्याचं पीक, ज्याची रेसिपी, ज्याचा घसा, त्याच्याच खिशातून त्याच्या बेडीचे पैसे! जून १९५९ ला डर्बनमधल्या केटो मॅनर वस्तीच्या बायका काठ्या घेऊन त्या बिअर हॉलवर चालून गेल्या ते उगाच नाही. पुढे १९९० ला हा सरकारी धंदा नॅशनल सॉर्घम ब्रुअरीज नावाने काळ्या भागधारकांना विकला, हजारो लोकांनी शेअर घेतले, काळ्यांच्या आर्थिक सबलीकरणाचं पहिलं मोठं उदाहरण म्हणून गाजलं. आणि नव्वदचं दशक संपायच्या आत त्यात शिरलं कोण? आपले विजय मल्ल्या. नंतर ती डियाजिओ या बड्या ब्रिटिश दारू कंपनीकडे, मग झिम्बाब्वेच्या एका कंपनीकडे. ज्वारी तीच, पिणारे तेच, मालक बदलत राहिले. शेअरचं सर्टिफिकेट हातात असणं आणि वजनकाटा हातात असणं यात हा एवढा फरक असतो.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप, जो मावसभावानेच घेतला. दादा, कारखाना उरल्यासुरल्या मालावर चालतो का? चांगल्या वर्षी त्याला माल मिळेल, दुष्काळात भाव वर गेला की सगळे ज्वारी पिठाला विकतील, मशिनरी गंजत बसेल, बँक हप्ता थांबवणार आहे का? मान्य. फक्त ज्वारीवर चालणारा, शो-पीस कारखाना काढला तर तो बुडणारच. फलटणच्या निंबकर संस्थेने गोड ज्वारीवर वर्षानुवर्षं काम केलं, वाण काढले, इथेनॉल करून दाखवलं, त्यावरचे स्टोव्हही केले. नांदेडला एका बड्या उद्योगसमूहाने गोड ज्वारीपासून इथेनॉलचा कारखानाही काढला, तो काही टिकला नाही. गोड ज्वारीचं धाट कापलं की एक-दोन दिवसात गाळायला लागतं, नाहीतर साखर उतरते, आणि हंगाम काही आठवड्यांचा. उरलेले महिने काय करायचं? म्हणून मी धाटाच्या नाही, दाण्याच्या बाजूचा आहे, दाणा गोदामात थांबतो. आणि कारखाना असा पाहिजे की ज्याला ज्वारी मिळाली तर ज्वारी, नाहीतर कीड लागलेला मका, मोलॅसिस, काहीही चालेल. क्वाझुलू-नाताळमध्ये साखर कारखाने आहेतच, त्यांच्या शेजारी असं काही उभं करता येईल. याचा परतावा १५ टक्के नसेल, कमीच असेल, आणि त्याचा काही भार सरकारला उचलायला लागेल हेही मी लपवत नाही. पण तो पैसा भाव पडलेल्या वर्षीच जाणार, आणि जाणार तो ज्वारीच्या पोत्यावर, कारखान्याच्या ताळेबंदावर नाही.

शिवाय एकाच गिऱ्हाइकावर, तेही करसवलतीवर जगणाऱ्या, शेतकरी उभा केला तर काय होतं ते केनियाने दाखवलंय. २००४ ला तिथल्या मोठ्या बिअर कंपनीने सिनेटर नावाची स्वस्त बिअर काढली, ज्वारी छोट्या शेतकऱ्यांकडून घ्यायची आणि सरकारने अबकारी माफ करायची. शेतकरी वाढले, पश्चिम आणि पूर्व केनियात ज्वारीला दिवस आले. २०१३ ला सरकारने ५० टक्के अबकारी लावली, बिअरची विक्री धाडकन कोसळली आणि शेतकऱ्यांची पोती घरात राहिली. दोन वर्षांनी सवलत परत आली. पण दोन वर्षं पोरांची फी कुणी भरली? तिथे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ही गत झाली. बिअर पहिली आणि इंधन शेवटचं असं असतं तर शेतकरी हळहळला असता, बुडाला नसता.

काट्याबद्दल बोलायला मला फार आवडतं कारण आम्ही ऊसवाल्यांच्या पट्ट्यातले. कारखान्याच्या काट्यावर टनाला किती मारतात यावर गावात पीएचडी करता येईल. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी कारखाना काढला तेव्हा मूळ कल्पना हीच होती की गाळप आपल्या हातात पाहिजे, पुढे सहकाराचं काय झालं, कोणाची पोरं चेअरमन झाली ते जगजाहीर आहे, तरीपण खासगी कारखान्याला भाव द्यायला लावायची ताकद कशातून आली असेल तर शेजारी सभासदांचा कारखाना होता यातून. दक्षिण आफ्रिकेत काळे ऊस उत्पादक हजारोंनी आहेत, पण गिरणी त्यांची नाही. २००० च्या आसपास सुमारे ५० हजार छोटे ऊसवाले होते, आता निम्म्याहून कमी उरलेत, आणि २०२२ ला टोंगाट ह्युलेट ही मोठी साखर कंपनी हिशोबातल्या भानगडींनंतर दिवाळखोरीच्या दारात गेली तेव्हा ज्यांचा त्या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता त्या ऊसवाल्यांचा जीव टांगणीला लागला. याउलट उदाहरण रुईबोसचं. तो लाल चहा फक्त तिथल्याच डोंगरात होतो, ज्ञान तिथल्या खोइ आणि सान या आदिवासी लोकांचं, पण मळे बहुतेक गोऱ्यांचे. २०१९ ला करार होऊन शेतावरच्या किमतीच्या १.५ टक्के त्या समाजांना द्यायचे ठरलं. चांगलं झालं, पण तो झाला मान, पोट भरत नाही त्यावर. त्याच भागात हाइवेल्ड नावाची छोट्या, बिगर-गोऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, त्यांनी चहा वाळवायचं-कुटायचं स्वतःकडे घेतलं आणि थेट परदेशी फेअरट्रेडवाल्यांना, म्हणजे छोट्या उत्पादकाला रास्त भाव द्यायच्या अटीवर माल घेणाऱ्यांना, विकला. शेतकरी मूठभरच, पण त्यांच्या मालाचा भाव त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही.

एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टात ठळक दिसत नाही पण ज्वारीवाल्याला विचारा, पहिली तीच सांगेल: पाखरं. आपल्याकडे माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचे, पोरांची शाळा बुडायची राखणीपायी. तिकडे क्वेलिया नावाचं चिमणीएवढं पाखरू आहे, लाखोंच्या थव्याने येतं आणि कणसं साफ करतं. गावात एकट्याचीच ज्वारी असेल तर सगळा थवा त्याच्याच शेतात उतरतो, सगळ्या गावाने एका वेळी पेरली तर नुकसान वाटलं जातं. म्हणून अनेकांनी ज्वारी सोडली आणि मका धरला, कारण मक्याचं कणीस पानात झाकलेलं. कडसर, टॅनिनवाले वाण पाखरं कमी खातात, पण पिठाला ते कमी चालतात, माल्टला चालतात, इंधनालाही चालतात. बघा, इथे शेवटच्या गिऱ्हाइकाचा खरा उपयोग दिसतो. ज्या गावात पाखरांचा त्रास जास्त तिथे कडसर वाण लावायचा धीर शेतकऱ्याला कधी येईल? माल्टवाल्याने नाकारलं तरी कोणीतरी घेणार आहे हे माहीत असेल तेव्हाच. आणि पूर्ण गाव एका वेळी पेरायला कधी तयार होईल? भाव पेरणीआधी फळ्यावर लिहिलेला असेल तेव्हा. पण हे करायचं तर कारखान्याच्या आधी गोदाम, मळणी मशीन आणि वाहतूक त्या खेड्यापर्यंत न्यायला लागेल, आणि त्याचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत.

मावसभावाला मी शेवटी फोनवर सांगितलं की तुमच्या सरकारने इंधनाची फाईल महिनाभर बाजूला ठेवावी आणि आधी किराणा दुकानात जावं. तिथे मक्याच्या पिठावर व्हॅट शून्य आहे, ब्राऊन ब्रेडवर शून्य, तांदळावर शून्य. शेजारी ज्वारीच्या पिठाचं पाकीट, त्यावर वर्षानुवर्षं पूर्ण व्हॅट लागत आलाय, २०१८ पासून १५ टक्के. बाहेरून आलेला मका गरिबाचं अन्न म्हणून करमुक्त आणि त्याच मातीतली ज्वारी चैनीची वस्तू असल्यासारखी! तो म्हणाला, दादा, मी आठ वर्षं तिथे सामान भरतोय, कधी बिल नीट बघितलंच नाही. परवा त्याने दोन बिलांचे फोटो पाठवले.